पेजमेकरमधली मराठी युनिकोडमध्ये आणताना

खिळ्यांची जुळणी मागे पडून डीटीपी आले, तेव्हापासून जवळजवळ दोन दशके मराठी पुस्तके, मासिके आणि दिवाळी अंक ज्या फायलींवरून छापले गेले, त्यांच्यात मराठी अक्षरे साठवलेलीच नाहीत. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसत होती. फाइलीच्या आत मात्र रोमन अक्षरांचे आणि विरामचिन्हांचे संकेतांक होते. कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला, की फाइलीत ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे जातात. फॉन्ट त्या पाच जागांवर म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी यांची चित्रे काढतो, म्हणून वाचणाऱ्याला 'मराठी' दिसते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग समोर येते. शोधयंत्राला, शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला किंवा दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला ती फाइल मराठी आहे हे कळतच नाही.

अशा फायली प्रकाशनसंस्था, छापखाने आणि डीटीपी केंद्रे यांच्याकडे सीडींवर आणि जुन्या हार्डडिस्कवर पडून आहेत. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची असो, ई-पुस्तक करायचे असो, किंवा मासिकाचे जुने अंक शोधता येतील अशा रूपात ठेवायचे असोत, मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना त्यांचे स्वतःचे संकेतांक देणाऱ्या मानकात, आणावा लागतो. एखादा लेख असेल तर तो फॉन्ट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवून, राहिलेल्या चुका हाताने दुरुस्त करता येतात. दहा हजार फायलींना ही रीत पुरी पडत नाही. प्रत्येक फाइल उघडून, बदलून, नजरेखालून घालून जतन करायला पाचच मिनिटे धरली तरी सुमारे ८३३ तास होतात. रोज आठ तास काम केले तर शंभराहून जास्त दिवस. यंत्र हेच काम एका रात्रीत उरकते, पण त्याच्या नियमातली एक चूक दहा हजार ठिकाणी उमटते. म्हणून या कामात वेळ घालवायचा तो यंत्र चालू करण्यापूर्वी फायलींची नीट ओळख पटवण्यात आणि नंतर तपासणीत. मधली यंत्राची फेरी हा सगळ्यांत सोपा भाग आहे.

रोमन संकेतांकांचा हा पेच मुळात जागेच्या टंचाईतून उभा राहिला. आठ बिटांत २५६ संकेतांक बसतात. त्यांतले पहिले ३२ नियंत्रणासाठी राखीव असतात आणि इंग्रजीही ठेवायची, तर देवनागरीला उरलेली निम्मीच जागा मिळते. मराठी छपाईला मूळ अक्षरांबरोबर अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, निरनिराळ्या उंचीच्या वेलांट्या आणि उकार लागतात. १९९१ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या 'इस्की' या भारतीय मानकाने, म्हणजे आयएस १३१९४ ने, यावर शास्त्रशुद्ध तोड काढली होती. फाइलीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवायची आणि त्यांचे दृश्य आकार जुळवण्याचे काम वेगळ्या यंत्रणेवर सोपवायचे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे जिस्ट तंत्रज्ञान याच तत्त्वावर चालत होते. परंतु विंडोजवर पाने लावायला वापरल्या जाणाऱ्या पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांना असा क्रम लावून आकार मांडणे येत नव्हते. एका संकेतांकाला एक आकार एवढेच त्यांना समजे. मग फॉन्ट घडवणाऱ्यांनी थेट आकारांनाच जागा नेमून दिल्या. सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सायबरस्केपची आकृती अशा प्रत्येक घराण्याने आपापली मांडणी ठरवली. तेवढ्या अपुऱ्या जागेत सुबक मराठी बसवणे हे मोठे कसब होते आणि मराठी छपाई संगणकावर आली ती त्याच बळावर. आज अडचण होते ती या मांडण्या एकमेकींशी जुळत नाहीत याची.

युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ मधलीच. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला आणि त्याची रचना इस्कीवरून घेतली गेली. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी युनिकोड आले, पण पानजुळणीचे सॉफ्टवेअर मागे राहिले. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये आली; नंतर त्याचा विकास थांबला आणि भारतीय लिप्यांसाठी लागणारी युनिकोडची सोय त्यात कधीच झाली नाही. त्यामुळे घराघरांत युनिकोड मराठी टंकली जाऊ लागली, तरी छापखान्यात येणारा मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये नेऊन पाने लावली जात होती. एकाच वर्षाच्या संग्रहात दोन्ही प्रकारच्या फायली सापडतात त्या यामुळेच.

कामाची सुरुवात यादीपासून होते. मूळ डिस्कला हात न लावता सर्व फायलींची नक्कल करायची आणि प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा काढायचा. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी हा ठसा बदलतो. दोन ठसे सारखे आले तर नावे वेगळी असूनही फायली एकच आहेत असे खुशाल धरावे. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरे फायनल' अशा नावांच्या ढिगातून तंतोतंत सारख्या प्रती अशा पहिल्याच दिवशी बाजूला होतात आणि कामाचा आकार उतरतो. थोडाफार फरक असलेल्या प्रती मात्र ठशावरून कळत नाहीत. छापलेल्या पुस्तकाशी कोणती प्रत जुळते हे माणसालाच पाहावे लागते.

नावाच्या शेपटीवर विसंबून चालत नाही, कारण ती कोणीही बदलू शकतो. फाइलीचा प्रकार तिच्या सुरुवातीच्या बाइटांवरून ओळखायचा. पीडीएफची सुरुवात टक्केचिन्ह आणि पीडीएफ या तीन अक्षरांनी होते. जुन्या वर्डच्या डॉक फायलींना ठरावीक आठ बाइटांची खूण असते. नव्या डॉकएक्स फायली मुळात झिप प्रकारच्या असल्यामुळे पी आणि के या अक्षरांनी सुरू होतात. ही झिपचा निर्माता फिल कॅट्झ याच्या नावाची आद्याक्षरे. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने अशा खुणांची 'प्रोनोम' नावाची सूची ठेवली आहे आणि ती वापरून हजारो फायली ओळखणारे 'ड्रॉइड' हे सॉफ्टवेअर मोफत दिले आहे. त्यातून निघालेल्या तक्त्यावरून कोणत्या प्रकारच्या किती फायली आहेत हे कळते आणि कामाच्या वाटा ठरतात.

पेजमेकरच्या फायलींची वाट सर्वांत खडतर. ६.५ या आवृत्तीच्या फायलींना पी६५ आणि ७.० च्या फायलींना पीएमडी अशी शेपटी असते. त्यांतला मजकूर पानांच्या क्रमाने साठवलेला नसतो. एकमेकींना जोडलेल्या चौकटींतून वाहणारा प्रत्येक मजकूर स्वतंत्र असतो. चित्राची ओळ, चौकटीतला उतारा आणि पानाच्या डोक्यावरचे नाव हे सगळे वेगवेगळे निघतात आणि पुन्हा जागेवर बसवावे लागतात. इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि त्यापुढच्या फायली उघडू शकत होत्या. नंतर ती सोय काढून टाकण्यात आली. लिब्रेऑफिसमध्येही अशा फायली आयात करता येतात. जुने पेजमेकर चालू असलेला एखादा संगणक मिळाला, तर त्यातूनच आरटीएफ प्रकारात मजकूर काढणे सर्वांत भरवशाचे.

आरटीएफ किंवा डॉकएक्सचा आग्रह धरायचा तो फॉन्टच्या नावासाठी. साधा मजकूर काढला की फॉन्टची माहिती पुसली जाते. मराठी लेखात मध्येच एखादे इंग्रजी पुस्तकाचे नाव टाइम्स फॉन्टमध्ये असते. फॉन्ट कळला नाही तर परिवर्तक, म्हणजे फॉन्ट बदलणारे सॉफ्टवेअर, त्या इंग्रजीलाही मराठीचा तक्ता, म्हणजे जुन्या संकेतांकांना युनिकोडची अक्षरे नेमून देणारी यादी, लावतो आणि त्यातून भलतेच काहीतरी निघते. उलट फॉन्टचे नाव हाताशी असेल, तर ज्या तुकड्याला योगेश लावला आहे तेवढाच बदलायचा आणि टाइम्समधला तसाच ठेवायचा. सी-डॅकच्या फॉन्टांत नावातच आणखी एक संकेत आहे. 'डीव्ही' ने सुरू होणारे फॉन्ट केवळ देवनागरीचे, तर 'डीव्हीबी' ने सुरू होणारे द्वैभाषिक, म्हणजे पूर्वार्धात इंग्रजी आणि उत्तरार्धात देवनागरी असणारे. नाव एका अक्षराने चुकले की तक्ता चुकतो.

फॉन्टचे नाव हरवलेच असेल, तरी वाट बंद होत नाही. फाइलीतला थोडा मजकूर हाताशी असलेल्या प्रत्येक तक्त्यातून काढून पाहायचा आणि त्यात 'आहे', 'आणि', 'होते', 'नाही' हे शब्द किती वेळा येतात ते मोजायचे. योग्य तक्ता लागला की हे शब्द ओळीओळीला दिसतात, चुकीचा लागला तर जवळजवळ दिसतच नाहीत. ही परीक्षा यंत्र क्षणात करते. शिवाय जो मजकूर आधीच युनिकोडमध्ये आहे तोही इथेच ओळखून वगळता येतो. त्याच्यावर तक्ता चालवला तर त्यातली इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे बिघडतात.

प्रत्यक्ष रूपांतर म्हणजे जुन्या संकेतांकाच्या जागी युनिकोडचे अक्षर ठेवणे, असे वरवर वाटते. खरी मेहनत क्रम बदलण्यात आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे जशी दिसतात तशी साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चारली जातात तशी. 'स्थिती' हा शब्द जुन्या फाइलीत पहिली वेलांटी, अर्धा स, थ, त आणि दुसरी वेलांटी असा असतो. युनिकोडला स, हलन्त, थ आणि मग पहिली वेलांटी हवी. म्हणजे वेलांटीला केवळ पुढच्या अक्षरापलीकडे नेऊन भागत नाही. सगळी अर्धी अक्षरे ओलांडून पूर्ण व्यंजनापाशी पोचवावे लागते. रफाराचा प्रवास उलट्या दिशेचा. 'कर्त्यांचे' या शब्दात तो जुन्या फाइलीत क, अर्धा त, य आणि काना यांच्यानंतर येतो. युनिकोडमध्ये तो र आणि हलन्त होऊन थेट त च्या अलीकडे जाऊन बसतो. 'मार्मिक' मध्ये वेलांटी आणि रफार एकाच म वर आहेत, त्यामुळे एक पुढे जाताना दुसरा मागे येतो. परिवर्तक चांगला की सुमार हे पारखायला असे आठदहा शब्द पुरतात.

म्हणून पायऱ्यांचा क्रम पाळावाच लागतो. आधी तुकड्यांची अक्षरे करायची. कृतिदेवमध्ये ख, ध, श ही अक्षरे दोन-दोन तुकड्यांची आहेत आणि त्यांचा दुसरा तुकडा काना म्हणून वापरला जाणाराच असतो. लांब जोड्या आधी शोधल्या नाहीत, तर ख चा उजवा दंड काना समजला जातो. अ आणि काना मिळून आ, अ आणि काना-मात्रा मिळून ओ, अशीही जुळणी इथेच होते. त्यानंतर तक्ता, मग वेलांटी, मग रफार.

मराठीपुरता आणखी एक नाजूक मुद्दा 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' यांतल्या आडव्या र चा. आचार्य शब्दाचे रूप 'आचार्यांना', आचारी शब्दाचे 'आचाऱ्यांना'. हिंदीसाठी केलेल्या तक्त्यात या र ची वेगळी नोंद नसली, तर स्वयंपाकी गुरू होतात आणि 'दऱ्या' चा 'दर्या'. शब्दकोश लावूनही ही चूक पकडली जात नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. मराठी मजकुरासाठी हिंदीचा परिवर्तक जसाच्या तसा वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे. तक्ता मराठी छापील पानाशी ताडून पाहिलेला हवा.

तक्ता निर्दोष असला तरी टंकलेखनाच्या सवयी फाइलीत दडलेल्या असतात. कागदावर दिसण्याला महत्त्व होते, त्यामुळे एकाच जागी दोनदा पडलेला अनुस्वार कोणाच्या लक्षात येत नसे. युनिकोडमध्ये तो दुहेरी होऊन समोर येतो. रफार आणि मात्रा यांचा क्रम कोणी असा, कोणी तसा टंकी. वर्डने परस्पर केलेल्या सुधारणांनी तर जास्तच घोळ घातला आहे. कृतिदेवमध्ये श चा पहिला तुकडा साध्या अवतरणचिन्हाच्या जागेवर आहे आणि वर्ड ते चिन्ह आपोआप वळणदार करते. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची सोय चालू असेल, तर वाक्यारंभीचा क अर्धा होतो, कारण छोट्या डी वर क आणि मोठ्या डी वर अर्धा क आहे. अशा फेरफारांच्या नोंदी तक्त्यात एकदा घातल्या, की सगळ्या फायलींत एकाच वेळी दुरुस्ती होते. एका फाइलीत खपून केलेली पाहणी हजारांच्या उपयोगी पडते ती अशी.

वर्डच्या फाइलीत रूपांतरानंतर एक गोष्ट हमखास बिघडते. वर्ड रोमन आणि देवनागरी मजकुरासाठी फॉन्ट, आकार आणि ठळकपणा यांची वेगवेगळी नोंद ठेवतो. जुना मजकूर वर्डच्या दृष्टीने रोमन होता, तेव्हा २४ बिंदूंच्या शीर्षकाची नोंद रोमनच्या खात्यात होती. अक्षरे देवनागरी झाली की दुसरे खाते लागू होते आणि शीर्षक लहान व बारीक दिसू लागते. परिवर्तकाने आकार, ठळकपणा आणि तिरपेपणा या नोंदी देवनागरीच्या खात्यात उतरवल्या आणि भाषा मराठी अशी नोंदवली, तर पुस्तकाची प्रकरणे आणि उपशीर्षके हाताने पुन्हा लावावी लागत नाहीत.

यंत्राची फेरी चालवताना वेळ खातो तो सॉफ्टवेअरचा प्रारंभ. लिब्रेऑफिस पडद्यावर खिडकी न उघडता, आज्ञेवरून फायली बदलू शकते. पण प्रत्येक फाइलीसाठी ते नव्याने सुरू केले आणि प्रारंभाला तीन सेकंद लागले, तर दहा हजार फायलींत आठ तास वीस मिनिटे केवळ सुरू होण्यातच जातात. एका आज्ञेत शेकडो फायली दिल्या की हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. प्रोसेसरला आठ गाभे असतील तर फायलींचे आठ गट करून एकाच वेळी आठ प्रती चालवता येतात. मात्र प्रत्येक प्रतीला स्वतःचे वेगळे प्रोफाइल फोल्डर द्यावे लागते, नाहीतर त्या एकमेकींना अडवतात. गाभ्यांपेक्षा जास्त प्रती चालवून फायदा होत नाही, आणि फायली फिरत्या हार्डडिस्कवर असतील तर वाचन-लेखनाचाच अडसर आधी येतो.

वेगापेक्षा महत्त्वाचे म्हणजे फेरी मध्येच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये. प्रत्येक फाइलीचे नाव, ठसा, वापरलेला तक्ता आणि निकाल एका नोंदवहीत लिहायचा. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यायचे. वीज गेली तरी अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण म्हणून मोजली जात नाही. जी फाइल उघडत नाही ती बाजूच्या फोल्डरात टाकून फेरी पुढे गेली पाहिजे. एका खराब फाइलीपायी रात्र वाया घालवू नये.

तपासणीत काही दोष अक्षरांच्या रचनेवरूनच कळतात. शब्दाच्या सुरुवातीला काना किंवा वेलांटी, लागोपाठ दोन मात्रा, हलन्तानंतर वेलांटी, देवनागरी शब्दात अडकलेले रोमन अक्षर यांतले काहीही मराठीत संभवत नाही. अशा जागा यंत्र मोजून देते आणि एकाच प्रकारचा दोष अनेकदा आला तर तक्त्यात काय राहिले ते लगेच दिसते. त्यापुढची रीत शब्दयादीची. सर्व फायलींतले शब्द एकत्र करून, शब्दकोशात न सापडणारे शब्द किती वेळा आले त्या क्रमाने लावायचे. मराठीत प्रत्ययांमुळे एका शब्दाची असंख्य रूपे होतात, त्यामुळे ही यादी लांब होते. तरीही हजार वेळा आलेला चुकीचा शब्द इथे एकदाच वाचायचा असतो. मुद्रितशोधकाने या यादीवर घालवलेला एक दिवस पानोपानी वाचनाच्या कित्येक दिवसांपेक्षा जास्त चुका काढतो. 'आचाऱ्यांना' सारख्या जोड्या मात्र वेगळ्या काढून संदर्भासह वाचाव्या लागतात.

दिसायला सारखी पण आतून वेगळी असलेली अक्षरे एकरूप करणे हा या टप्प्याचा शेवटचा भाग. 'ॲ' साठी स्वतंत्र संकेतांक युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये आला. तोपर्यंत ते अ आणि चंद्र जोडून लिहिले जाई. युनिकोडच्या प्रमाणित एकीकरणात ही दोन रूपे एक धरली जात नाहीत, म्हणून नियम वेगळा लिहावा लागतो. आडवा र सुद्धा दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र च्या हलन्तानंतर अदृश्य सांधा घालून. संपूर्ण संग्रहात एकच रूप ठेवले नाही, तर 'दुसऱ्या' शोधल्यावर निम्मेच निकाल हाती लागतात.

ज्यांची मूळ फाइल उरली नाही आणि केवळ पीडीएफ आहे, त्यांची गोष्ट वेगळी. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर तेच रोमन संकेतांक येतात आणि ओळी तुटलेल्या असतात. फॉन्टचे नाव पीडीएफमध्ये नोंदलेले असल्यास वरच्याच तक्त्यांचा उपयोग होतो. तसे नसेल तर पानाची प्रतिमा करून अक्षरओळख चालवावी. टेसरॅक्ट या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठीची सोय आहे. छापील अंकांचे स्कॅन करायचे असतील तर जागेचा हिशेब आधी करावा. ए-४ आकाराचे रंगीत पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचे होते आणि दाबल्याशिवाय सुमारे २६ एमबी जागा घेते, करड्या छटांत त्याच्या एक तृतीयांश. मूळ प्रत टिफमध्ये ठेवून वाचकांसाठी जेपेग काढावी. जेपेग दर वेळी काही तपशील टाकून देते, तेव्हा जेपेगवरून पुन्हा जेपेग करत जाणे टाळावे. हजारो प्रतिमा बदलणाऱ्या इमेजमॅजिकमध्ये 'मॉग्रिफाय' ही आज्ञा मूळ फाइलीवरच नवी लिहिते. वेगळे फोल्डर सांगितल्याशिवाय ती कधीही चालवू नये.

काम पुरे झाल्यावर नव्या फायलींबरोबर मूळ फायली, त्यांना लागणारे फॉन्ट, वापरलेले तक्ते आणि नोंदवही हे सगळे एकत्र ठेवावे लागते. वाचकाने वर्षभराने एखादी चूक दाखवली, तर नोंदवहीवरून त्या तक्त्यातून गेलेल्या सर्व फायली कळतात, तक्ता दुरुस्त होतो आणि तेवढ्याच मूळ फायलींवर फेरी पुन्हा चालते. मुद्रितशोधकाने हाताने केलेल्या दुरुस्त्या थेट फाइलीत न करता फाइलीचे नाव, जुना शब्द आणि नवा शब्द अशा यादीत लिहिलेल्या असाव्यात. नव्या फेरीनंतर यंत्र त्या पुन्हा लावते आणि माणसाचे श्रम पुसले जात नाहीत.